माझ्या नावाची आधीची ओळ

नारायणगावातल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी शिकवते. वारूळवाडीतल्या आमच्या घरापासून क्लास पायी पंधरा मिनिटांवर आहे. मालक जुन्नरचे. त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या हातकागद बनवत. आता घरात एक साचासुद्धा उरलेला नाही, असं ते सांगतात. आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो आणि ते मला ताई म्हणतात. मी बारावीनंतर लग्न होऊन इकडे आले ती घरातच राहिले होते. डेटाबेस वगैरे जे काही मला येतं ते सरांनी शिकवलं, तेही मी चाळिशी ओलांडल्यावर. म्हणजे तेव्हा मी तसं समजत होते.

गेल्या वर्षी माझ्या प्राथमिक शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा ठरला. शाळा आंबेगाव तालुक्यातल्या एका लहान गावातली. गावाबाहेर एका वस्तीवर आमचं घर होतं. माझी चौथी झाली आणि वडिलांनी ते गाव सोडलं. आईचं माहेर महाळुंगे पडवळ, तिथे आम्ही राहायला गेलो आणि तिथलेच झालो. वडील जाऊन नऊ वर्षं झाली. आई अजून तिथेच माझ्या धाकट्या भावाजवळ असते. जुन्या गावाशी संबंध असा काही उरला नव्हता, म्हणून मेळाव्याचा फोन आला तेव्हा मला अप्रूप वाटलं. मी कॉम्प्युटरवर काम करते हे कुणीतरी तिथे सांगितलं होतं. शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंनी विचारलं, सुरुवातीपासूनच्या सगळ्या मुलांची यादी तुम्ही कराल का? कोण कुठे आहे, कुणाचा फोन लागतो, कोण हयात नाही, हे एका ठिकाणी असलं म्हणजे बोलावणी करायला बरं पडेल. मी हो म्हटलं.

बाईंनी शाळेच्या रजिस्टरच्या पहिल्या पानांचे फोटो पाठवले. क्लास सुटल्यावर मी एक टेबल तयार केलं. रजिस्टर नंबर, नाव, वडिलांचं नाव, आडनाव, जन्मतारीख, दाखल झाल्याचं वर्ष, शेरा. रजिस्टरमध्ये काही मुलं दोनदा येत होती. मधेच शाळा सोडायची, बाप ऊसतोडीला किंवा मुंबईला न्यायचा, परत आलं की गुरुजी नव्या नंबरानं पुन्हा दाखल करायचे. तेव्हा सरांनीच सुचवलं की नाव, वडील, आडनाव आणि जन्मतारीख ही चारही एकत्र पुन्हा जुळली, तर कॉम्प्युटरनं ती ओळ घेऊच नये असं बंधन टेबलाला घालून ठेवा. एक माणूस यादीत दोनदा येता कामा नये. मी तसं बंधन घातलं आणि एकेक नाव भरायला घेतलं. एका मुलासाठी एक पूर्ण आज्ञा लिहायची, ती चालवायची, मग दुसऱ्या मुलाची. चाळीस नावांना तीन दिवस गेले.

चौथ्या दिवशी बाईंनी पुढची पानं स्वतःच एक्सेलमध्ये टाइप करून पाठवली. एकशे छत्तीस मुलं. मी पुन्हा पहिल्या नावापासून आज्ञा लिहायला बसले तेव्हा सर मागे उभे होते. ते म्हणाले, ताई, एकेक कशाला, सगळ्यांना एकदम आत घ्या. आणि त्यांनी दाखवलं. सुरुवात एकदाच लिहायची, कोणत्या टेबलात आणि कोणत्या रकान्यांत भरायचं ते. मग प्रत्येक मुलाचा एक कंस. कंसात त्याची माहिती, कंस मिटला की स्वल्पविराम आणि पुढच्या मुलाचा कंस. शेवटच्या कंसानंतर अर्धविराम, की संपलं. एक्सेलमधून हे कंस आपोआप तयार करायची युक्तीही त्यांनी करून दिली. मी नुसतं चिकटवायचं होतं. मला हसू आलं. तीन दिवस मी दळत बसले होते, आणि हे काम बोटाच्या एका दाबाचं होतं.

मी ती नावं वाचली नाहीत. वाचायची गरजच नव्हती. एकेक टाइप केलं असतं तर माझ्याच हातून ते लिहिलं गेलं असतं आणि बोटं थांबली असती. मी पूर्ण यादी चिकटवली आणि आज्ञा चालवली.

लाल अक्षरांत एरर आली. डुप्लिकेट एंट्री. म्हणजे ही नोंद आधीच आहे. एरर देताना कॉम्प्युटर कोणती नोंद तेही सांगतो, म्हणून पुढे जोडरेघा देऊन नाव लिहिलं होतं. माझं नाव, माझ्या वडिलांचं नाव, माझं माहेरचं आडनाव, माझी जन्मतारीख.

मला पहिल्यांदा वाटलं, बाईंनी चुकून दोनदा टाइप केलं असेल. सर म्हणाले, असेल, पण बघा, एकही ओळ आत गेलेली नाही. मी टेबल उघडून पाहिलं तर आधीची चाळीसच्या चाळीस. एका आज्ञेत सगळे असले की सगळे जातात नाहीतर कुणीच जात नाही, हे मला त्या दिवशी कळलं. माझ्या एका नावापायी एकशे पस्तीस जण बाहेर उभे राहिले होते.

सरांनी एक मार्ग सांगितला. आज्ञेत एक शब्द वाढवला, की पुन्हा आलेली ओळ कॉम्प्युटर मुकाट्यानं टाकून देतो आणि बाकीच्या आत घेतो. मी तो शब्द लिहिलासुद्धा. मग सहज विचारलं, दोन्हींतली कोणती टाकतो?

"दुसरी," सर म्हणाले. "जी आधी येते ती राहते. पण ताई, टाकण्याआधी एकदा बघून घ्या. रजिस्टरमध्ये काय आहे ते."

मी एक्सेल उघडलं. माझं नाव शोधलं. दोन ओळी सापडल्या, पण टायपिंगची चूक असती तर त्या एकाखाली एक असत्या. त्या तशा नव्हत्या. दोन्हींचे रजिस्टर नंबर वेगळे होते आणि दाखल झाल्याची वर्षंही वेगळी, मध्ये दोन वर्षांचं अंतर. दुसऱ्या ओळीचं वर्ष माझं होतं. त्या वर्षी माझ्यासोबत पहिलीत बसलेल्यांची नावं तिच्या वर-खाली होती, मला पाठ असलेली. आधीच्या ओळीच्या आसपासची मुलं मात्र आम्हाला कायम पुढच्या वर्गातली होती. आणि त्या ओळीच्या शेऱ्यात बाईंनी एकच शब्द टाइप केला होता. मयत.

मी खुर्चीतून उठले नाही. हात कीबोर्डवरच होते आणि ते उचलायला हवेत एवढंही सुचलं नाही. सरांनी स्क्रीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बाहेर जाऊन संध्याकाळच्या बॅचच्या मुलांना आज सुट्टी आहे असं सांगितलं.

मी बाईंना फोन केला. त्या बिचाऱ्या नवीन, दोन वर्षांपूर्वी बदलून आलेल्या, त्यांना माझं माहेरचं नाव ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्यांनी मूळ पानाचा फोटो काढून पाठवला. निळ्या शाईतलं गुरुजींचं वळणदार अक्षर, आणि त्या ओळीच्या टोकाला लाल शाईत तो शब्द, खाली सही. फोटो मोठा करून मी जन्मतारीख पुन्हा पुन्हा वाचली. आमच्या वेळी अर्ध्या शाळेची जन्मतारीख एक जून असायची, गुरुजी अंदाजानं तीच लिहायचे. माझी तशी नव्हती. माझी खरी होती, ग्रामपंचायतीच्या दाखल्यावरची. लहानपणी मला त्याचा केवढा गर्व होता. आता तीच तारीख, तोच महिना, तेच साल त्या लाल शब्दाच्या ओळीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्कूटी काढली आणि महाळुंगे पडवळला गेले. घरी नवऱ्याला एवढंच सांगितलं की आईला बघून येते. वाटेत मनाशी ठरवत होते कसं विचारायचं ते. महामार्ग सोडून आत वळले तेव्हा अशी एक वेडी आशा वाटली, की गावात त्या नावाची दुसरी कुणी असेल, वडिलांच्याही नावाची, आडनावाचीही. मग तारखेपाशी येऊन ती आशा संपायची.

भाऊ आणि भावजय कांदा काढायला शेतात गेले होते. आई ओट्यावर बसून शेंगा फोडत होती. मला अवेळी बघून तिनं विचारलं, जावयांचं बरं हाये ना? मी म्हटलं बरं आहे. तिच्याजवळ बसले आणि मोबाईलवरचा फोटो तिच्यापुढे धरला. आईला वाचता येत नाही. तिला तो फक्त एक जुना कागद दिसला. मी सांगितलं की हे शाळेचं रजिस्टर आहे, ह्यात माझं नाव दोनदा आहे, आणि एका ठिकाणी मी मेले असं लिहिलंय.

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"तुला कुणी सांगितलं?" तिनं विचारलं.

कुणी नाही, कॉम्प्युटरनं, असं मी म्हटलं. तिला काय समजलं कोण जाणे. तिनं सूप बाजूला सारलं, पदरानं तोंड पुसलं आणि रस्त्याकडे तोंड करून बसली. मला भीती वाटत होती की ती बोलेल, आणि भीती वाटत होती की ती बोलणार नाही.

मग ती बोलली, सरळ, थांबत थांबत. माझ्या आधी एक मुलगी होती. ती सहा वर्षांची झाली तेव्हा शाळेत घातली. जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि भाद्रपदात तिला ताप भरला. बैलगाडीतून मंचरला नेलं, पण ताप डोक्यात गेला होता. मी तेव्हा तीन वर्षांची होते. माझा जन्म वस्तीवर घरीच झाला होता आणि त्याची नोंद करायची राहून गेली होती. दोन वर्षांनी मला शाळेत घालायला वडील घेऊन गेले. जुने गुरुजी बदलून गेले होते, नवीन आलेल्यांनी जन्माचा दाखला मागितला. घरात दाखला एकच होता. वडील घरी आले, पेटीतून तो काढला आणि नेऊन दिला.

"मी म्हनले, अवो, हे तिचं हाये," आई म्हणाली. "ते म्हनले, तिचं आता कुटं हाये. आसू दे. निदान नाव तरी हाक मारायला ऱ्हाईल घरात."

मी पाच वर्षांची होते आणि कागदावर आठ. वर्गात मी सगळ्यांत बुटकी होते, हे मला आठवतं. पहिले कितीतरी दिवस मी रडत असे आणि गुरुजी म्हणत, एवढी घोडी झाली तरी रडते. मला ते लागायचं. मला कळायचं नाही की मी घोडी कशी.

वस्तीवर घरं दोनच होती, आमचं आणि चुलत्यांचं. पोरीपुढे कुणी विषय काढायचा नाही, असं वडिलांनी सगळ्यांना बजावलं होतं. पुढे आम्ही गावच सोडलं. आईच्या माहेरी माहिती होतं, पण तिथेही ती म्हातारी माणसं एकेक करून गेली. भावाला तर काहीच ठाऊक नव्हतं.

"मग माझं नाव काय होतं?" मी विचारलं.

तिनं सांगितलं. तीन अक्षरी, साधं नाव, आमच्या पिढीत खूप मुलींचं असायचं तसं. माझ्या वर्गात त्या नावाची एक होती. पाच वर्षांची होईपर्यंत मी त्याच नावाला ओ दिली असणार, तरी ते ऐकून मला काहीच झालं नाही, दुसऱ्याच कुणाला हाक मारल्यासारखं वाटलं. आणि त्याच क्षणी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, जिच्यानं मला सगळ्यांत जास्त धक्का बसला. वडील मला नावानं हाक मारायचे, दिवसातून दहादा, मोठ्यानं, शेतातूनसुद्धा. पण आईनं मला आजवर कधीच नावानं हाक मारली नव्हती. ती मला बाय म्हणते. लग्नात, बाळंतपणात, वडील गेले त्या दिवशी, कायम बाय. लाडानं म्हणते असं मी समजत होते.

मी तिला तसं विचारलं.

"मला न्हाई जमलं ते," ती म्हणाली. "तुझं खरं नाव घ्यायची बंदी व्हती. आन् दुसरं तोंडातून निघंना."

मग मी हिशेब केला, मनातल्या मनात, बोटांवर. बारावी झाली त्याच उन्हाळ्यात माझं लग्न झालं. कागदावर मी वीस वर्षांची होते. आईला मी विचारलं तेव्हा तिनं मान खाली घातली. सतरा, ती म्हणाली, मला ठाऊक व्हतं. तिनं वडिलांना तसं सांगितलंही होतं. ते म्हणाले होते, दाखल्यावर वीस हाये, चांगलं स्थळ आलंय. त्यावर ती गप्प बसली.

मला राग आला पाहिजे होता. आला असता तर बरं झालं असतं. मी नुसती तिच्या शेजारी बसून शेंगा फोडायला लागले, कारण हातांना काहीतरी करायला हवं होतं. माझी मुलगी सतरा वर्षांची होती तेव्हा अकरावीत होती आणि पेन हरवलं म्हणून घर डोक्यावर घ्यायची. तेवढी मी होते. तेवढीच असताना मी सासरी आठ माणसांच्या भाकरी थापत होते, आणि सासूबाई म्हणत, विशीची पोर आणि एवढं जमत नाही?

घरी आल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं. तो जेवत होता. त्यानं घास खाली ठेवला आणि एवढंच म्हणाला, मला कुणी सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी ओझरच्या गणपतीला गेला आणि येताना माझ्यासाठी पेढे घेऊन आला. का आणले ते त्यालाही सांगता आलं नसतं आणि मीही विचारलं नाही. माझ्या ओळखीच्या एका वकिलांकडे मी कागद बदलायचं काढलं. त्यांनी प्रतिज्ञापत्रं, राजपत्र, शाळेचा, बँकेचा, मतदार यादीचा, एकेक कागद सांगायला सुरुवात केली. निम्म्यात मी त्यांना थांबवलं. मी सेहेचाळीस वर्षांची आहे. सगळीकडे एकोणपन्नास लिहिलेलं आहे. राहू दे म्हटलं.

यादीचं काम तसंच पडून होतं. आठवडाभरानं मी क्लासमध्ये बसले आणि सरांना काय झालं ते सांगितलं. त्यांनी मधे एकदाही टोकलं नाही. शेवटी म्हणाले की माणूस दोनदा नको असं बंधन मी घालायला लावलं, पण इथे माणसं दोन आहेत. चूक आपल्या बंधनात आहे. ते काढा आणि रजिस्टर नंबरावर घाला. प्रत्येक नोंदीचा नंबर वेगळाच असतो; परत दाखल झालेली मुलं नंतर हातानं बघून काढता येतील. नाव एक असो की जन्मतारीख.

ते माझ्या हातून होईना. ती आज्ञा सरांनी चालवली. मग मी तीच एकशे छत्तीस कंसांची यादी पुन्हा चिकटवली, ह्या वेळी पहिल्या नावापासून शेवटच्यापर्यंत वाचत. बटण दाबलं. एकशे छत्तीस ओळी आत गेल्या. आधीची ओळ आणि माझी ओळ, दोन्ही.

मेळावा शाळेच्याच पटांगणात झाला. मी आईला घेऊन गेले होते. तिनं आधी नाही म्हटलं, मग नऊवारी नेसून सकाळीच तयार होऊन बसली. कार्यक्रमाच्या सुरुवातीला, जे आता नाहीत त्यांची नावं बाई वाचणार होत्या. तशी यादी टेबलातून मीच काढून दिली होती. शेऱ्यात ज्यांच्या पुढे तो शब्द होता ते सगळे. काय येणार ते मला माहीत होतं. तरी माईकवरून माझं पूर्ण नाव, वडिलांसकट, ऐकू आलं तेव्हा मी आईच्या जवळ सरकले. माझ्या वर्गातले लोक पुढच्या रांगेतून वळून माझ्याकडे बघायला लागले. एकीनं घाबरून माझा दंड धरला आणि विचारलं, अगं हे काय वाचलं? मी तिला म्हटलं, माझी बहीण. तो शब्द मी त्याआधी कधीच उच्चारला नव्हता. मला बहीण आहे हे वाक्य मला येतच नव्हतं.

आई रडली नाही. दोन मिनिटं सगळे उभे राहिले तेव्हा तीही गुडघ्यावर हात ठेवून उभी राहिली. खाली बसल्यावर माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "गुरुजी हजेरी घ्यायचे, तर ही हाजर म्हनायचीच न्हाई. लई लाजायची. तिच्या शेजारची पोरगी म्हनायची तिच्यासाठी."

तेव्हापासून आई अधूनमधून तिच्याविषयी सांगते. एकदम नाही, फोनवर दुसरंच काहीतरी चाललेलं असताना एखादं वाक्य. तिला कैरी मिठाशिवाय आवडायची. मला कडेवर घेऊन ती विहिरीपर्यंत जायची आणि तिथे दम लागला की मला खाली ठेवून माझ्यावरच रागवायची. परवा आईनं कांद्याचा भाव सांगितला, भावाच्या मुलाची परीक्षा सांगितली, आणि फोन ठेवता ठेवता म्हणाली, तुझे पाय तिच्यासारखे हायेत, बोटं लांब. मी चप्पल काढून कितीतरी वेळ बघत बसले.